अमावस्या न कळणारी डबी

बारामतीत पापड-मसाले करणाऱ्या बायकांच्या एका वर्कशॉपमध्ये मी थर्मोस्टॅट बसवला, तेव्हा भिंतीवरची जागा फार विचार करून निवडली होती. उंची बरोबर, दारापासून लांब, ऊन येत नाही, हात पुरतो. दोन दिवसांनी फोन आला, की वाळवणाच्या खोलीतले गॅसचे हीटर रोज अकराला आणि चारला आपोआप विझतात आणि अर्ध्या तासाने पुन्हा पेटतात. मी गेलो. वायरी सोडल्या, जोडल्या, सेल बदलले, गॅसचा दाब तपासला, हीटरचं तोंड साफ केलं. मोठ्या डॉक्टरसारखा गंभीर चेहरा करून दोन तास घालवले. शेवटी तिथं चहा करणाऱ्या मावशी पदराला हात पुसत आल्या.

"भाऊ, रागावनार नसला तर एक सांगू का?"

"सांगा की."

"तुमची डबी माज्या शेगडीच्या पाठीला पाठ लावून बसलीया. मधी निस्ता पत्रा हाय. मी चहा ठेवला की तिला घाम येतो."

मी पत्र्याच्या पलीकडं जाऊन बघितलं. शेगडी, वर आधण, आणि आधणाच्या बरोबर मागं माझी विचारपूर्वक निवडलेली जागा. चहा उकळला की डबीला वाटायचं खोली तापली, आणि ती हीटर बंद करायची. त्या दिवशी मावशींनी मला चहा दिला, तो मी मान खाली घालून प्यायलो.

तेव्हापासून कुठल्याही कारखान्यात गेलो, की आधी चहा कुठं होतो ते विचारतो. लोकांना वाटतं, माणूस चहाचा लालची आहे. वाटू दे.

माझा धंदा सांगितला की लोक हसतात. बारामतीत हीटर? उन्हाळ्यात इथं माणूस सावलीत भाजतो, आणि अन्वरभाई हीटर विकतो! पण वीसेक वर्षं माझं घर याच धंद्यावर चाललं आहे. कोंबडीच्या पिल्लांना ऊब लागते, पावसाळ्यात पापडाला लागते, थंडीत गोंदाला लागते. माणसाचं काय, तो घोंगडं पांघरून बसतो. एकदा मोरगावकडचा एक शेतकरी दुकानात आला आणि म्हणाला, शेरडांच्या गोठ्याला डबी बसवा. मी विचारलं, किती डिग्रीवर लावू? तो म्हणाला, "शेरडांना इचारून सांगतो." तो परत आला नाही. शेरडांचं अजून ठरत नसावं.

थर्मोस्टॅट म्हणजे काय, ते इथंच सांगून टाकतो. खोली किती तापली ते बघायचं, आणि ठरल्यापेक्षा जास्त तापली की हीटरला 'थांब' म्हणायचं, गार झाली की 'पेट' म्हणायचं, एवढंच त्याचं काम. प्रोग्रॅमचा थर्मोस्टॅट त्याच्या एक पाऊल पुढं असतो. सोमवारी पहाटे साडेपाचला पेट, अकराला थांब, रविवारी उठूच नको, असं त्याला एकदा सांगून ठेवता येतं.

आता हीटर नवा असला तर कुठलीही डबी चालते. पण आमच्याकडं हीटर नवा कुणाकडं असतो? बंद पडलेल्या पोल्ट्रीतून उचललेला, कुठल्या तरी लिलावातून आणलेला, गंजून तांबूस झालेला असतो. अशा जुन्या हीटरमध्ये मोठ्या जाळाशेजारी करंगळीएवढी एक ज्योत कायम जळत असते. त्या ज्योतीच्या उष्णतेवर किंचित, अगदी नावापुरती वीज तयार होते, आणि तेवढ्या विजेवर गॅसचा व्हॉल्व्ह उघडा राहतो. ज्योत विझली की वीज गेली, व्हॉल्व्ह मिटला, गॅस बंद. ज्यानं कुणी हे शोधलं त्याला माझा सलाम आहे. पण त्या नाजूक व्हॉल्व्हला घरातल्या बोर्डाची वीज देणारी डबी जोडली, तर तो जागच्या जागी मरतो. हे मला पक्कं माहीत आहे, कारण एक मी मारलेला आहे.

म्हणून जुन्या हीटरला डबी घ्यायची ती सेलवर चालणारी, स्वतः वीज न देणारी, फक्त दोन तारा जोडणारी आणि तोडणारी. म्हणजे आमच्या भागातली लाइट गेली तरी तिचं घड्याळ चुकत नाही. दुसरं म्हणजे, पेटण्यात आणि विझण्यात दोन डिग्रीचं अंतर ठेवता येईल अशी. नाहीतर ती दर पाच मिनिटांनी हीटरला उठवते-बसवते आणि म्हातारा हीटर दमून जातो. या दोन गोष्टी बघितल्या की माझ्या मते निवड संपली. असं मला कळंबला जाईपर्यंत वाटत होतं.

वालचंदनगरजवळच्या कळंबला तात्यांचं सुतारकामाचं वर्कशॉप आहे. वर पत्रा, तीन बाजूंनी विटा, पुढं मोठं सरकतं दार, आणि मागं लागूनच घर. दारं, खिडक्या, देव्हारे, हल्ली किचनच्या ट्रॉल्याही. वालचंदनगरच्या कारखान्याच्या क्वार्टरांत राहून गेलेली कितीतरी कुटुंबं बदली झाली, निवृत्त झाली, तरी तात्यांच्या हातचा देव्हारा सोबत घेऊन गेली. फोन तात्यांच्या मुलाचा, सुनीलचा होता.

"अन्वरभाई, दोन जुने गॅस हीटर हायत. टाइमावर चालू-बंद करणारी डबी पायजे. एकदा येऊन जावा."

मी गेलो तेव्हा तात्या दाराशी स्टुलावर बसून पटाशीला धार लावत होते. सत्तरी ओलांडलेली, अंगात बंडी, नाकावर चष्मा. मला बघून त्यांनी हातातली पटाशी थांबवली नाही.

सुनील मला आत घेऊन गेला आणि हळू आवाजात सांगायला लागला. लाकडाचे जोड ज्या पांढऱ्या गोंदानं बसवतात, तो थंडीत धरत नाही. शेड गार असली की गोंद वाळून खडूसारखा पांढरा पडतो. जोड दिसायला पक्का दिसतो आणि चार महिन्यांनी उघडतो. असा एक दरवाजा पूर्वी एका लग्नघरात उघडला होता. पाहुण्यांसमोर फळी निखळून पडली. तेव्हापासून थंडीचे तीन-साडेतीन महिने तात्या रोज पहाटे पाचच्या आत उठून स्वतः हीटर पेटवत. कारागीर येईपर्यंत शेड, लाकूड आणि गोंद, तिन्ही कोमट झालेलं पाहिजे. हे काम त्यांनी कधी दुसऱ्या कुणाला दिलं नव्हतं.

"पर मागच्या थंडीत छाती धरली त्यांची. दोनदा ॲडमिट करावं लागलं," सुनील म्हणाला. "डॉक्टर म्हनले, पहाटंचा गारठा पुन्हा लागला तर माज्याकडं आनू नका. मी म्हनलं, मी पेटवतो, तर ह्ये माज्या आदी उठून बसत्यात! कुलूप लावलं, तर चावी उशाला घिऊन झोपत्यात. आता डबीच बसवा. डबीसंगं भांडता येत न्हाय."

माझं काम मला समजलं. हीटर छताजवळ टांगलेले होते, सिलिंडर बाहेर जाळीत होते. भुसा रोज झाडायचा, हीटरखाली दहा फूट काही ठेवायचं नाही आणि पत्र्याखालची हवेची फट कधी बुजवायची नाही, हे तीन नियम मी सांगितले आणि विचारलं, "चहा कुठं करता?"

"घरात," सुनील म्हणाला. "का, घ्यायचा का?"

पिशवीतून सात दिवसांची साधी डबी काढून मी भिंतीवर धरली. तात्या पटाशी घेऊन मागं येऊन उभे राहिलेले मला कळलंच नाही.

"अन्वर," ते म्हणाले, "तुमचा म्हयना चंद्रावर. आमचा बी चंद्रावर. हिचा कशावर?"

"हिचा सेलवर, तात्या. दोन पेन्सिल सेल."

"आसं व्हय," ते म्हणाले, आणि परत स्टुलावर जाऊन बसले.

मला वाटलं, म्हाताऱ्यानं गंमत केली. मी हसलोसुद्धा.

डबी उत्तम चालली. पहाटे साडेपाचला दोन्ही हीटर पेटत, साडेसातला कारागीर येत तेव्हा शेड उबदार असे, आणि अकराला बाहेर ऊन तापलं की हीटर गप्प. आठवड्यानं मी बघायला गेलो, तर सुनील खूश होता. जोड पक्के बसत होते. तात्या सात वाजेपर्यंत झोपत होते, खोकला नव्हता.

"तात्या कुठंयत?" मी विचारलं.

ते घराच्या ओट्यावर बसले होते. स्टूल नव्हतं, पटाशी नव्हती. मी जवळ गेलो.

"कसं काय तात्या? झोप होतीया का?"

"लई हुतीया," ते म्हणाले. "सकाळी उठतो तर समदं झालेलं अस्तं. पावन्यावानी जातो शेडात. कुनी म्हनतं, बसा तात्या. माज्याच शेडात मला बसा म्हंत्यात."

 डबी विकणाऱ्याला अशा वेळी काय बोलायचं ते शिकवलेलं नसतं. मोटारसायकलला किक मारली आणि बारामतीला आलो. वाटेत भवानीनगरला थांबून भेळ घेतली, कारण मन खट्टू झालं की मला भूक लागते.

त्यानंतर पाच-सहा दिवसांनी सकाळी सातलाच फोन वाजला. पलीकडं तात्या. आवाज असा, की जणू विहिरीला पाणी लागलंय.

"अन्वर! तुजी डबी बाटली!"

"काय झालं तात्या?"

"आज काय हाय?"

"आज... मंगळवार."

"मंगळवार न्हवं येड्या, अमुशा हाय! आमी सुतार अमुशेला हत्यार उचलत न्हाय. आज शेड बंद. आन तुजी डबी पहाटं एकटीच कामाला लागलीया! आत काळं कुत्रं न्हाय, आन दोन्ही हीटर भडाभडा पेटल्यात. मी जाऊन बंद केलं. ये आता, बघ."

मी मोटारसायकलची चावी उचलली. गॅस जळण्याचं सोडा, बंद शेडमध्ये कुणी नसताना हीटर पेटणं हे आमच्या धंद्यात पाप आहे. आणि हे मला आधी कळायला हवं होतं. या भागातला सुतार असो, लोहार असो, हत्याराला महिन्यातून एक दिवस विसावा देतो, तो अमावस्येला. हत्यारं धुऊन, तेल लावून, हळद-कुंकू वाहून ठेवतो. मी जन्मल्यापासून हे बघत आलोय. पण डबीवर सोमवार ते रविवार लिहिलेलं असतं, आणि माणसाच्या हातात डबी आली की त्याला तेवढेच दिवस दिसतात.

मी पोचलो तेव्हा सुनील आणि तात्या दोघंही शेडमध्ये होते. ओळीनं मांडलेल्या हत्यारांवर कुंकू होतं. तात्यांच्या गळ्याभोवती मफलर, तोंडावर तेज, आणि मधूनच खोकल्याची ढास. पहाटेच्या गारठ्यात ते बाहेर आलेच होते.

"ही डबी बदला," सुनील म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "फोनवरची मिळती का न्हाय? ॲपमधनं वर्साच्या बारा अमुशा एकदम भरून टाकतो. म्हंजी पुन्हा कुनाला बगाय यायचं काम न्हाय."

तशी डबी मिळते. तशी डबी त्या क्षणी माझ्या पिशवीत होती. फोनवरून चालणारी, सेलचीच, जुन्या हीटरला बरोबर जुळणारी. माझ्याच दोन्ही कसोट्यांवर पक्की उतरणारी. सुनीलनं मागितली तेवढंच नाही, त्याहून चांगली.

तात्या भिंतीकडं गेले. तिथं कॅलेंडर लटकत होतं. सुतारी पेन्सिलीनं आजपर्यंतच्या अमावस्यांभोवती जाड गोल केले होते. पेन्सिल कानावर होती, ती त्यांनी काढली, खिशात ठेवली आणि म्हणाले,

"म्हंजी अमुशा बी तीच धरनार म्हन की."

एवढंच. आणि घराकडं निघाले.

मी पिशवीची चेन उघडली होती. ती तशीच हळूच लावून टाकली.

"सुनील," मी म्हणालो, "फोनवरची डबी इथं चालायची नाही. पत्र्याच्या शेडात रेंज मिळत नाही."

सुनीलनं खिशातून फोन काढून माझ्यापुढं धरला. रेंज पूर्ण. वर त्याला तेवढ्यात कुणाचा तरी व्हिडिओ कॉलही आला.

खोटं बोलायचं तर आधी रेंज बघून घ्यावी, हे मला वीस वर्षांत सुचलं नव्हतं. मी खाकरलो. भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं, आणि तिथं मला खरं कारण दिसलं.

"बरं, हे सांग. पुढची अमावस्या कधी?"

त्यानं कॅलेंडर बघितलं. "ही. दुपारी दीडला लागती, दुसऱ्या दिवशी दुपारी संपती."

"मग शेड कुठल्या दिवशी बंद? लागते त्या दिवशी, का संपते त्या दिवशी?"

सुनील कॅलेंडरजवळ सरकला. एकदा कॅलेंडरकडं बघितलं, एकदा दाराकडं.

"ते... तात्यास्नी इचाराय लागंल."

"मग ॲपमध्ये कोण भरणार?"

तात्या दारात थांबले होते. पाठ आमच्याकडं, पण कान इकडंच.

"उगवतीला आसंल ती आपली अमुशा," ते न वळताच म्हणाले. "पर पौषात तसं धरायचं न्हाय. आन दिवाळीची येगळी. त्ये कागदावर न्हाय मिळायचं."

हे सगळं भरणारं ॲप निघणारच नाही असं मी म्हणत नाही. तात्यांना समोर बसवून सुनीलनं एका दुपारी सगळं लिहून घेतलं असतं, तर बारा तारखा भरायला कितीसा वेळ? हे मला कळत होतं. सुनीलला माझ्यापेक्षा आधी कळलं असावं. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग बापाच्या पाठीकडं बघितलं, आणि फोन खिशात घातला.

"ऱ्हाऊ द्या मग हीच," तो म्हणाला. "पर पहाटं कुनी बाहिर यायचं न्हाय. ही माजी अट हाय."

"पहाटे कशाला?" मी म्हणालो. "तात्या, इकडं या. हे बटण बघा. आदल्या दिवशी सूर्य मावळायच्या आत हे एकदा दाबायचं. दुसरा सबंध दिवस डबी रजेवर. परवा पहाटे आपली आपण कामावर."

तात्या आले. चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. बटणावर प्रवासाच्या बॅगेचं चित्र होतं. परदेशात लोक सुट्टीला गावाला जातात, म्हणून कंपनीनं बॅग काढलेली.

"ही पेटी कशाची?"

"गावाला जायची पेटी. म्हणजे मालक गावाला गेलाय, असं डबीला कळतं."

"अमुशेला?" तात्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी त्यांच्या देव्हाऱ्याला खिळा मारलाय. "अमुशेला कोन गावाला जातं रं? येशीभाईर पाय ठिवत न्हाय आमी."

"तात्या, तुम्ही जाऊ नका. तुम्ही फक्त पेटी दाबा. डबीला जाऊ द्या."

त्यावर ते हसले. त्या थंडीत मी पहिल्यांदाच त्यांना हसताना बघितलं. मग रंधा मारून मारून चपटा झालेला अंगठा त्यांनी बटणावर ठेवला, आणि फणसाच्या फळ्यांना जोड धरेपर्यंत शिकंजा आवळावा तसा दाबला. मी म्हणालो, एवढा जोर नको, हळूच. ते म्हणाले, "हळूच दाबलं तर तिला खरं वाटंल का?"

तीन वेळा दाबून, तीन वेळा परत फिरवून ते शिकले. पेन्सिल पुन्हा कानावर गेली.

त्यालाही आता दोन थंड्या उलटून गेल्या. गेल्या थंडीत तात्या एकदाही दवाखान्यात गेले नाहीत, असं सुनील सांगतो. आणि दर अमावस्येच्या आदल्या संध्याकाळी, न चुकता, मला फोन येतो.

"अन्वर, पेटी दाबलीया."

"बरं तात्या."

"रजेची कमी डिग्री बी दिसतीया. बराबर हाय न्हवं?"

"बरोबर आहे."

उन्हाळ्यातही फोन येतो. उन्हाळ्यात हीटर बंद असतात, दाबायचं काही नसतं. तरी येतो. मी कधी विचारलं नाही, कशाला दाबली. आमच्या घरी आता त्या फोनवरच हिशेब चालतो. तात्यांचा फोन आला की शमीम, माझी बायको, म्हणते, परवापासून चांद बघायला गच्चीवर जायला हरकत नाही.

तरी मनात एक टोचणी राहते. पिशवीत चांगली डबी असताना मी गिऱ्हाइकाला कमी चांगली दिली. वर खोटं बोललो, आणि तेही रेंज न बघता. धंद्याच्या हिशेबानं हे बरोबर नाही. उद्या तात्या एखाद्या महिन्यात विसरले तर? सुनीलला मी तेव्हाच सांगून ठेवलंय, की त्या संध्याकाळी गुपचूप एक नजर टाकत जा. तो टाकतो. तात्यांना ते माहीत नसावं. किंवा असेलही.

परवा पुन्हा फोन येऊन गेला, तेव्हा जेवण झालं होतं. शमीम शेंगा फोडत बसली होती. मी तिला म्हणालो, "तात्यांना तेवढं एक बटण तरी राहिलं. आपण म्हातारे झालो, पोरांनी दुकान हातात घेतलं, की माझ्यासाठी कोण बटण ठेवणार?"

शमीमनं हातातली शेंग फोडली, दाणे ताटलीत टाकले, टरफल बाजूला केलं.

"तुमाला बटन कशाला पायजे?" ती म्हणाली. "तुमाला बंद कराया मी हाय की."